मेंटॉर आणि मेंटी: आरोग्यसेवेत जोड्या कशा जुळतात

एमबीबीएसची पदवी किंवा नर्सिंगची परीक्षा माणसाला कामावर उभे राहण्याचा परवाना देते. पण रात्री दोनला वॉर्डात रुग्णाची तब्येत ढासळू लागली तर सिनिअरना उठवायचे की थोडे थांबायचे, रुग्ण दगावल्याचे नातेवाइकांना कोणत्या शब्दांत सांगायचे, आपल्या हातून चूक झाली तर ती कुणाजवळ बोलायची, पुढे शिकायचे की तालुक्याच्या गावी दवाखाना टाकायचा, या प्रश्नांची उत्तरे त्या परवान्यासोबत येत नाहीत. ती बहुतेक वेळा त्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाकडून मिळतात. अशा अनुभवी व्यक्तीला आरोग्यक्षेत्रात मेंटॉर म्हणतात आणि तिच्याकडून सल्ला, आधार व दिशा घेणाऱ्याला मेंटी. या दोघांची गाठ कशी घालायची हा वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणातला स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. मेंटॉर उत्तम, मेंटी उत्साही आणि तरीही जोडी चुकल्यामुळे दोघांचा वेळ वाया गेला, असे पुष्कळदा घडते.

मेंटॉरची भूमिका तिच्या आसपासच्या भूमिकांपासून वेगळी ओळखावी लागते. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला गाइड असतो. त्याच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा होतो. युनिटचे प्रमुख काम वाटून देतात, चुका दाखवतात आणि शेवटी शेरा मारतात. कोच एखादे ठरावीक कौशल्य सुधारून देतो. पाठीराखा वरिष्ठ योग्य जागी आपले नाव सुचवतो. मेंटॉर यांतले थोडे थोडे सगळेच करू शकतो, पण त्याची नजर एका प्रबंधावर किंवा एका परीक्षेवर नसते. समोरचा माणूस पाच-दहा वर्षांत कसा घडेल याकडे असते. अमेरिकेतील अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या अशा नात्यांवर पुस्तक लिहिले. त्यांनी मेंटॉरच्या कामाचे दोन भाग केले: एक, कारकीर्द पुढे नेणारी मदत, दुसरा, मनाला धीर देणारी, स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवणारी सोबत. जोडी लावताना या दोन्हींचा विचार करावा लागतो आणि पहिल्या भागासाठी योग्य असलेली व्यक्ती दुसऱ्यासाठी योग्य असेलच असे नाही.

योगायोगाची परंपरा

पूर्वी या जोड्या कुणी लावत नसे, त्या लागत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर हे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या घराच्या किल्ल्या शेजारी राहणाऱ्या काही तरुण डॉक्टरांना देऊन ठेवल्या होत्या. त्यांनी केव्हाही यावे, ग्रंथसंग्रह वापरावा, चहाला बसावे. त्या तरुणांत हार्वी कुशिंग होते, जे पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक ठरले. कुशिंग १८९६ मध्ये हॉपकिन्सला आले ते विल्यम हाल्स्टेड यांच्या हाताखाली, शल्यविभागात. हाल्स्टेड थोर शल्यविशारद, पण स्वभावाने अलिप्त. कुशिंग यांना शस्त्रक्रियेची शिस्त हाल्स्टेडकडून मिळाली आणि मेंटॉर मिळाला तो दुसऱ्याच विभागात, शेजारच्या घरात. ऑस्लर यांच्या निधनानंतर कुशिंग यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि १९२६ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. प्रमुख एक आणि मेंटॉर दुसरा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजच्या योजना बऱ्याच चुकांनंतर त्याच निष्कर्षाला आल्या आहेत.

मुंबईत याच सुमारास अशीच एक जोडी जुळली. एडिथ पीची या एडिनबरो विद्यापीठात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात जणींपैकी एक. १८८३ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. बालपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना त्यांनी डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिले, त्यांच्या शिक्षणासाठी निधी उभा करायला हातभार लावला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतून सुरतेला रुग्णसेवेत रुजू झाल्या. दोघींचा देश, भाषा, धर्म सगळे निराळे. समान होती ती एक गोष्ट: स्त्री म्हणून वैद्यकाचे दार ठोठावताना काय सोसावे लागते याची जाणीव. बाहेरून दिसणारे साम्य आणि आतले साम्य यांत किती अंतर असते, हे या जोडीत स्पष्ट दिसते.

योगायोगाने लागणाऱ्या जोड्यांची दुसरी बाजूही आहे. किल्ली मिळते ती शेजारी राहणाऱ्याला, म्हणजे जो आधीच आत आहे त्याला. हॉपकिन्समध्येच सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस काम करत. थॉमस कृष्णवर्णीय होते. महामंदीत पैसे बुडाल्यामुळे त्यांचे वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न अपुरे राहिले होते. हॉपकिन्सला येण्याच्या आधीपासूनच, म्हणजे १९३० पासून, ब्लॅलॉक यांनी त्यांना संशोधनातले सर्व काही शिकवले आणि थॉमस यांनी बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी सुचवलेल्या 'ब्लू बेबी' शस्त्रक्रियेचे (हृदयदोषामुळे निळसर पडलेल्या बाळांवरील शस्त्रक्रियेचे) तंत्र प्रयोगशाळेत बसवले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती शस्त्रक्रिया प्रथम झाली तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. इतके जवळचे नाते असूनही थॉमस यांच्या नावाला श्रेय मिळायला दशके लागली. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. ज्ञान देणारा मेंटॉर आपल्या मेंटीसाठी संस्थेतली दारे उघडेलच असे नाही, आणि ती उघडण्याची जबाबदारी कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडली तर काही माणसे कायम बाहेर राहतात. २००५ मध्ये हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेने विद्यार्थ्यांना सल्लागार शिक्षक नेमून देण्यासाठी चार गट केले. त्यांतल्या दोन गटांची नावे टॉसिग आणि थॉमस अशी आहेत.

मेंटॉर मिळणे हे नशिबावर सोडल्याने काय होते, याचा अंदाज २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यातून येतो. तोवर झालेल्या ३९ अभ्यासांचा तो गोषवारा होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना मेंटॉर होता. काही शाखांत तर शिक्षकांमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होते. स्त्रियांना मेंटॉर शोधणे पुरुषांपेक्षा अवघड जाते असेही काही अभ्यासांत आढळले होते. म्हणजे ज्यांना आधाराची गरज जास्त, त्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याची शक्यता कमी.

रोल नंबरप्रमाणे वाटणी

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाला मेंटॉर नेमून देणे. भारतातील बहुसंख्य वैद्यकीय, दंत आणि नर्सिंग महाविद्यालयांत तो अमलात आहे. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जाते, त्यामुळे यादी तयार करणे आले. ती बहुधा रोल नंबरने होते: पहिले दहा शरीररचनाशास्त्राच्या सरांकडे, पुढचे दहा जीवरसायनशास्त्राच्या मॅडमकडे. सत्राला दोन-तीन बैठका, रजिस्टरमध्ये सही, हजेरी आणि गुणांची चौकशी. काही शिक्षक एवढ्याशा चौकटीतही मुलांना जीव लावतात आणि त्यांची मुले ते जन्मभर विसरत नाहीत. पण ही त्या शिक्षकांची पुण्याई. योजनेचे त्यात काही नाही.

रोल नंबरची वाटणी अगदी टाकाऊ म्हणता येत नाही. कुणीही वगळले जात नाही हा तिचा मोठा गुण आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून मुंबईच्या महाविद्यालयात आलेली, मराठीतून शिकलेली मुलगी स्वतःहून एखाद्या प्राध्यापकाच्या केबिनचे दार वाजवून मला मार्गदर्शन करा म्हणेल, ही अपेक्षाच चूक आहे. यादीत तिचे नाव असते, निदान एका दारावर तरी तिचा हक्क असतो. खोट आहे ती वाटणीपाशीच थांबण्यात. पहिल्या वर्षाला लागणारी मदत आणि इंटर्नशिपमध्ये लागणारी मदत वेगळी असते. पहिल्या वर्षी वसतिगृह, इंग्रजी आणि शवविच्छेदनाच्या खोलीतली घुसमट. शेवटच्या वर्षी नीट-पीजी, शाखा, बॉन्ड. तोच मेंटॉर साडेचार वर्षे पुरतो असे गृहीत धरले की बैठका हळूहळू सहीपुरत्या उरतात.

विद्यार्थ्यांना वेळेवर आधार मिळण्याचा हा प्रश्न किती निकडीचा आहे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती दलाच्या २०२४ मधील अहवालावरून कळते. पाहणीत उत्तरे देणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले होते. मेंटॉर हा मानसोपचारतज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही आणि त्याने ती घ्यायचा प्रयत्नही करू नये. पण कुणीतरी नियमाने भेटत असेल, चेहरा उतरलेला ओळखत असेल, तर तज्ज्ञापर्यंत जायची वाट लवकर सापडते.

साम्य कोणते पाहायचे

जोडी लावणाऱ्याच्या हाती सहसा जी माहिती असते ती वरवरची: शाखा, वय, लिंग, गाव, भाषा. मूल्ये, कामाची पद्धत, बोलण्याचा स्वभाव, आयुष्यात काय महत्त्वाचे वाटते हे आतले साम्य फॉर्मवर दिसत नाही. २०१३ मध्ये लिलियन एबी आणि सहकाऱ्यांनी विविध क्षेत्रांतल्या मेंटॉरशिपच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात नात्याच्या गुणवत्तेशी सर्वांत घट्ट जोडलेली बाब होती ती हे आतले साम्य. लिंग किंवा वंश एक असण्याचा परिणाम त्या मानाने फिका होता. पीची आणि रखमाबाईंची गोष्ट या निष्कर्षाशी जुळते.

याचा अर्थ बाहेरचे साम्य निरर्थक आहे असा घेणे घाईचे होईल. सर्जरीत जाऊ पाहणाऱ्या मुलीला बाळंतपण आणि रात्रपाळीची सांगड घातलेली सर्जन भेटणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या समाजातून, आपल्या जिल्ह्यातून आलेली व्यक्ती त्या खुर्चीवर बसलेली पाहण्यातही मोठे बळ असते. म्हणून चांगल्या योजना मेंटीलाच विचारतात: तुम्हाला मेंटॉर स्त्री हवी आहे का, आपली भाषा बोलणारी व्यक्ती हवी आहे का, की याने काही फरक पडत नाही? उत्तर मेंटीने द्यायचे. संस्थेने परस्पर ठरवून सगळ्या मुली एकाच मॅडमकडे दिल्या, तर त्या मॅडमवर ओझे पडते आणि मुलींना इतर ज्येष्ठांचा लाभ मिळत नाही.

या विचारण्यालाच स्वतंत्र मोल आहे. टॅमी ॲलन, लिलियन एबी आणि एलिझाबेथ लेन्ट्झ यांच्या २००६ मधील अभ्यासात असे दिसले की जोडी ठरवताना आपले मत घेतले गेले, असे ज्या मेंटॉर-मेंटींना वाटत होते त्यांचे नाते अधिक चांगले होते. योजनेआधीच्या प्रशिक्षणाचा दर्जाही तितकाच महत्त्वाचा ठरला. माणसे स्वतः निवडलेल्या नात्यात जास्त जीव ओततात, हे ऐकायला साधे वाटते. पण बहुतेक संस्थांच्या याद्या अजून ऑफिसात, कुणालाही न विचारता तयार होतात.

पसंती, प्रश्नावली आणि गणित

मत विचारायचे कसे याच्या अनेक रीती आहेत. मेंटॉर होऊ इच्छिणारे आपली ओळख एका पानावर लिहून देतात: कोणत्या विषयात मदत करू शकतो, महिन्याला किती वेळ देऊ शकतो, भेटायला आवडेल की फोनवर बोलायला. मेंटी ती पाने वाचून तीन-चार नावे क्रमाने कळवतात. लहान संस्थेत समन्वयक दोन्ही बाजूंशी पंधरा मिनिटे बोलून जोड्या लावतो आणि तो माणसे ओळखणारा असेल तर यासारखी दुसरी पद्धत नाही. काही रुग्णालयांत एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावतात. प्रत्येक मेंटी प्रत्येक मेंटॉरसमोर दहा मिनिटे बसतो, घंटा वाजली की पुढच्या खुर्चीवर. दहा मिनिटांत माणूस कळत नाही. मात्र कुणाशी बोलताना अवघडल्यासारखे झाले नाही एवढे नक्की कळते आणि पहिली निवड करायला तेवढे पुरते.

संख्या शेकड्यांत गेली की गणिताची मदत घ्यावी लागते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये पसंतिक्रमांवरून जोड्या लावण्याची एक रीत मांडली. मेंटॉर-मेंटींना ती अशी लागू होते. प्रत्येक मेंटी आपल्या पहिल्या पसंतीच्या मेंटॉरकडे अर्ज करतो. मेंटॉरकडे दोन जागा असतील तर तो आलेल्यांतले त्याला सर्वांत योग्य वाटणारे दोघे तात्पुरते ठेवून घेतो, बाकीच्यांना नाही म्हणतो. नकार मिळालेले आपल्या पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे आधीच्या तात्पुरत्यांपेक्षा ते सरस ठरले तर त्यांना जागा मिळते आणि आधीचा एखादा बाहेर पडून आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. कुणाचाही अर्ज शिल्लक राहिला नाही की तात्पुरत्या जोड्या पक्क्या होतात. यातून मिळणारी वाटणी स्थिर असते: आपल्याला मिळालेल्या जोडीदारांना सोडून एकमेकांकडे जावे असे दोघांनाही वाटेल, अशी एकही मेंटॉर-मेंटीची जोडी उरत नाही. शिवाय अर्ज मेंटीकडून सुरू झाले तर मेंटीच्या दृष्टीने सर्वांत चांगली स्थिर वाटणी मिळते.

अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या जागा १९५२ पासून अशाच केंद्रीय पद्धतीने मिळतात. ॲल्विन रॉथ यांनी पुढे दाखवून दिले की ती पद्धत मुळात गेल-शॅप्लींच्या रीतीसारखीच होती, आणि १९९० च्या दशकात त्यांनी तिची सुधारित रचनाही केली. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही जागा मिळणे आणि मेंटॉर मिळणे यांत फरक आहे. रेसिडेन्सीच्या वेळी उमेदवार मुलाखती देतात, रुग्णालय पाहतात, मग क्रम लावतात. मेंटॉरच्या बाबतीत न भेटलेल्या माणसांचा क्रम लावायचा असतो. मग सगळ्यांची पहिली पसंती एकाच नावाजलेल्या प्राध्यापकाला जाते, ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी असतो. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार जुळलाच असे नसते, तसेच या गणिताचे आहे. ते वाटणी निःपक्षपाती करते. नाते घडवायचे काम पहिल्या भेटीपासून पुढे सुरू होते.

गुण देणारा आणि ऐकणारा

जोडी लावताना एक नियम बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा आहे: मेंटीचे मूल्यमापन ज्याच्या हाती आहे त्याला त्याचा मेंटॉर करू नये. रात्रपाळीत औषधाची मात्रा चुकली होती, हे उद्या गुण देणाऱ्याजवळ कोण कबूल करील? आणि जिच्याशी वर्षभर मनातले बोललो, तिला नापास करायला कोण धजेल?

ब्रिटनमध्ये हे दुसरे टोक लख्खपणे समोर आले. तेथे शिकाऊ नर्सच्या वॉर्डातील मेंटॉरकडेच तिला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्याचे काम असे. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये दाखवले की काही मेंटॉर शंका असूनही विद्यार्थिनींना पुढे ढकलत. दुखवायचे नाही, पुरावा अपुरा वाटतो, पुढच्या वॉर्डात सुधारेल, अशी कारणे होती. रुग्णाच्या दृष्टीने ही जिवावरची सवलत आहे. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने २०१८ मध्ये मानके बदलली आणि मेंटॉरचे ते पदच काढून त्याची कामे वाटून दिली. रोजच्या कामात शिकवणारी एक व्यक्ती, तपासून निर्णय देणारी दुसरी. एकाच विद्यार्थिनीसाठी एकाच वेळी दोन्ही भूमिका एकीने घ्यायच्या नाहीत.

भारतात पदव्युत्तर विद्यार्थ्याचा गाइडच त्याचे सर्वस्व असतो. प्रबंधावर त्याची सही, रजेवर त्याची सही, परीक्षेत त्याचा शब्द. पुष्कळ गाइड ही सत्ता मायेने वापरतात. पण एखाद्या रेसिडेंटचे गाइडशीच बिनसले तर जायला दुसरी जागा हवी, आणि म्हणून मेंटॉर दुसऱ्या युनिटमधला, शक्य तर दुसऱ्या विभागातला असावा. कुशिंग यांना तो असाच मिळाला होता. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना कनिष्ठांचे मेंटॉर करतानाही हीच दक्षता लागते. दोनच वर्षे पुढे असलेला सिनिअर वसतिगृहातल्या अडचणी प्राध्यापकापेक्षा चांगल्या जाणतो, पण रॅगिंगचा इतिहास असलेल्या आवारात त्याच्यावर एखाद्या शिक्षकाचे लक्ष असल्याशिवाय ही जबाबदारी देणे धोक्याचे आहे.

बिघडलेल्या जोड्या

टोरांटो आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन विद्यापीठांतल्या डॉक्टरांशी बोलून शॅरन स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यशस्वी आणि फसलेल्या जोड्यांची लक्षणे नोंदवली. जिथे जमले तिथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, परस्परांबद्दल आदर होता, अपेक्षा आधी बोलून ठरलेल्या होत्या. फसले तिथे संवाद तुटक होता, बांधिलकी नव्हती, स्वभाव जुळत नव्हते. काही ठिकाणी मेंटॉर आणि मेंटी एकाच यशासाठी स्पर्धेत उतरले होते. शेवटचे कारण जोडी लावतानाच टाळता येते: ज्यांचे संशोधन, रुग्ण किंवा पद एकच आहे अशांना एकत्र आणताना दहा वेळा विचार करावा.

मेंटॉरकडून होणारा त्रासही अभ्यासकांनी झाकून ठेवला नाही. विनीत चोप्रा, डाना एडलसन आणि संजय सेंट यांनी २०१६ मध्ये मेंटॉरच्या गैरवर्तनाचे सहा प्रकार वर्णिले. मेंटीची कल्पना आपली म्हणून पुढे करणारा, त्याला आपल्या कामाला जुंपणारा आणि इतर कुणाकडे जाऊ न देणारा, हे तिघे उघड त्रास देणारे. मसुदा महिनोन्‌महिने टेबलावर अडवून ठेवणारा, वाद टाळण्यासाठी मेंटीच्या बाजूने कधीच न बोलणारा आणि सतत दौऱ्यावर असल्याने हाती न लागणारा, हे तिघे निष्क्रिय. मराठी वाचकांतल्या कुणी रेसिडेन्सी केली असेल तर यांतले दोघे-तिघे चेहऱ्यांसकट आठवतील.

म्हणून चांगल्या योजनेत बाहेर पडायचे दार आधीच ठेवलेले असते. दोन-तीन महिन्यांनी समन्वयक दोघांना स्वतंत्रपणे विचारतो: पुढे चालू ठेवायचे का? कारण द्यावे लागत नाही, दोष कुणावर येत नाही, मेंटीला दुसरा मेंटॉर मिळतो. क्रॅम यांनी या नात्याच्या चार अवस्था सांगितल्या होत्या: सुरुवात, जोपासना, वेगळे होणे आणि नव्याने नाते ठरणे. वेगळे होणे हा तिसरा टप्पा स्वाभाविक मानला की कालच्या मेंटीला उद्या बरोबरीचा सहकारी म्हणून वागवणे मेंटॉरला जड जात नाही.

एकापेक्षा अधिक मेंटॉर

सगळ्या गरजा भागवणारा एकच गुरू शोधण्याचा हट्ट सोडला की जोडी लावण्याचे काम बरेच हलके होते. संशोधनासाठी एक, रुग्णांशी बोलण्याच्या कलेसाठी दुसरी, घर आणि काम यांच्या ओढाताणीवर बोलायला तिसरी व्यक्ती, असा संच जमवण्याकडे आता कल आहे. अतुल गावंडे हे बोस्टनचे सर्जन. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. २०११ मध्ये अतुल यांनी लिहिले की काही वर्षे स्वतंत्र काम केल्यावर आपली प्रगती थांबल्यासारखी वाटली, तेव्हा त्यांनी आपल्याला रेसिडेन्सीत शिकवलेले निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन निरीक्षण करायची विनंती केली. दिवा जखमेवरून सरकला होता, कोपर नको तितके वर उचलले जात होते, अशा बारीक गोष्टी त्यांनी टिपल्या. मुरलेल्या डॉक्टरलाही असा माणूस लागतो आणि तो निवृत्त असला तर स्पर्धेचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापक, मेट्रन आणि सिस्टर ट्यूटर यांचा एवढा मोठा अनुभव घरी बसून असतो. मेंटॉरच्या याद्यांत त्यांची नावे क्वचितच दिसतात.

अंतराचा अडथळाही उरलेला नाही. संजीव अरोरा यांच्या अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातील यकृतविकार क्लिनिकमध्ये हेपटायटिस सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावे लागे. २००३ मध्ये त्यांनी ग्रामीण केंद्रांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला दूरचित्रसंवादावर एकत्र आणून त्यांच्याच रुग्णांच्या केसेसवर चर्चा सुरू केली. हीच 'प्रोजेक्ट एको'ची सुरुवात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विद्यापीठातील ५७.५ टक्के आणि ग्रामीण केंद्रे व तुरुंगांतील ५८.२ टक्के रुग्णांत विषाणू नाहीसा झाला होता. बेंगळुरूच्या निम्हान्सने ही पद्धत मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी वापरली आहे. यात जोडी एका माणसाची एका माणसाशी नसते. तज्ज्ञांचा एक गट आणि दूरवरच्या डॉक्टरांचा दुसरा गट यांची ती असते, आणि ते डॉक्टर एकमेकांकडूनही शिकतात.

वॉर्डाबाहेरच्या जोड्या

मेंटॉरशिपची चर्चा डॉक्टरांभोवती फिरते, पण तिची गरज सर्वांत जास्त आहे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटीने प्रसूती करणाऱ्या नर्सला. उत्तर कर्नाटकात आणि बिहारमध्ये गेल्या दशकात नर्स मेंटॉर नेमण्याचे मोठे प्रयोग झाले. तिथे मेंटॉर ही स्वतः नर्स असे. ठरावीक काळाने ती केंद्रात येऊन थांबे, बाळंतिणीजवळ शेजारी उभी राहून काम पाही, रक्तस्राव किंवा न रडणारे बाळ अशा आणीबाणीची तालीम करून घेई. बिहारमध्ये दोन-दोन नर्सचे गट केंद्रांवर जात. डॉक्टर अधिकारी तपासणीला आला की कपाट उघडून रजिस्टर दाखवले जाते. आपल्याच पेशातली बाई शेजारी उभी राहिली की न जमणारे काम दाखवता येते. इथे एकच पेशा असण्याचे महत्त्व वरच्या सगळ्या गणितापेक्षा मोठे ठरते.

महाराष्ट्रात आशा स्वयंसेविकांना आधार देण्यासाठी गटप्रवर्तक असतात, साधारण वीस आशांमागे एक. त्यांची नेमणूक भूगोलावरून होते, आणि पायी फिरायच्या कामात ते रास्तच आहे. मात्र अहवाल गोळा करण्यात त्यांचे बहुतेक दिवस जातात आणि अवघड घरी आशासोबत जाऊन बसायला वेळ उरत नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात हा वेळ रचनेतच धरलेला होता. निरनिराळ्या जातींच्या, बऱ्याचशा निरक्षर असलेल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला केंद्रावर जमत, आपापल्या गावातल्या अडचणी सांगत आणि जुन्या सेविका नव्यांना शिकवत.

वेळ हीच या सगळ्या योजनांची खरी किंमत आहे. एक मेंटॉर चार मेंटींना महिन्यातून एक तास देतो म्हटले तरी वर्षाला अठ्ठेचाळीस तास होतात. ओपीडी, लेक्चर आणि राउंड यांच्या जोडीला ते कुठून तरी आणायचे असतात. ज्या संस्था हे तास कामाच्या वेळापत्रकात धरतात, पदोन्नतीच्या वेळी मोजतात आणि मेंटॉरला ऐकून घेण्याचे, अभिप्राय देण्याचे, मर्यादा ओळखण्याचे थोडे प्रशिक्षण देतात, तिथे मेंटॉर व्हायला माणसे स्वतःहून पुढे येतात आणि निवडीला वाव राहतो. जिथे हे काम फावल्या वेळचे मानले जाते तिथे मोजकीच चार नावे प्रत्येक यादीत फिरत राहतात. तपासणीतही बैठकांची संख्या मोजून भागत नाही. वर्षाअखेरीस मेंटीला दोन प्रश्न वेगळे, नाव न लिहिता विचारावे लागतात: अडचणीच्या वेळी तुम्ही या व्यक्तीकडे गेलात का, आणि गेला नसाल तर का नाही? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे पुढच्या वर्षीच्या जोड्या लावताना समन्वयकाच्या हाताशी असली पाहिजेत.